चाकाच्या नटांसाठी बॅटरीची गन निवडताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत, पावसाळी सहलीला निघण्यापूर्वी गाडीत काय काय ठेवावे याविषयीचा लेख वाचला. त्यात बॅटरीवर चालणाऱ्या, ठोके मारून चाकाचे नट फिरवणाऱ्या इम्पॅक्ट रेंचचा, म्हणजे टायरवाल्यांच्या तोंडी असलेल्या ‘गन’चा, एका वाक्यात उल्लेख होता आणि ‘जास्तीत जास्त टॉर्कची (पिळाच्या जोराची) घ्यावी’ असा सल्ला होता. मी एका वाहन कारखान्यात जुळणी विभागात नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे चाकांच्या नटांचा आवळ तपासण्यात गेली. त्यामुळे हा सल्ला मला नुसता अपुरा नव्हे, उलटा वाटला, आणि गन विकत घेऊन मी स्वतः जे काही शिकलो (थोडा फसलो, असेही म्हणता येईल) ते इतर वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी जुलैमध्ये ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे जाताना आमच्या गाडीचे डावे मागचे चाक बसले. गाडी मारुतीची, लहान, एका चाकाला चार नट. हँडब्रेक ओढला, समोरच्या चाकाला दगड लावला आणि गाडीसोबत मिळालेला पाना नटावर चढवला. हाताने नट हलेना, म्हणून पान्यावर उभा राहिलो. तरी हलेना. तिसऱ्या प्रयत्नाला पाना निसटला, नटाचे कोपरे खरवडले गेले आणि माझी नडगी सोलवटली. अखेर एका टेम्पोवाल्याने आपल्या गाडीतला लोखंडी पाइप काढून पान्याच्या दांड्यात घातला आणि चारही नट करकरत सुटले. गंमत अशी की नट निघाल्यावरही चाक निघाले नाही, कारण पावसापाण्याने ते हबला, म्हणजे मधल्या बैठकीला, गंजून चिकटले होते. बसल्या बसल्या टायरला दोन्ही बाजूंनी लाथा मारल्यावर ते सुटले. या कामात कितीही महागडी गन असती तरी तिचा उपयोग नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

घरी आल्यावर माझा जुना टॉर्क रेंच, म्हणजे लावलेल्या आकड्याएवढा जोर पडला की ‘टक’ वाजणारा पाना, काढला. उरलेल्या तीन चाकांना कोणाचा हात लागलेला नव्हता. गाडीच्या पुस्तिकेत नटांचा आवळ 85 न्यूटन मीटर लिहिला आहे. रेंच 100 वर लावला, ‘टक’ वाजला, नट हलला नाही. 150 वर तेच झाले. माझा रेंच 200 पर्यंतच जातो, तिथेही नट जागचा न हलता ‘टक’ वाजलाच. म्हणजे दोन महिन्यांपूर्वी ज्या दुकानात टायर बदलून घेतले होते, तिथे काँप्रेसरवरच्या गनने नट सव्वादोन पटींहून अधिक आवळून दिले होते. त्या दुकानाचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण ट्रकच्या नटांसाठी पूर्ण हवेवर ठेवलेली गन तशीच लहान गाडीला लावण्याची पद्धत फक्त तिथेच आहे असे मुळीच नाही.

इथे थोडे गणित मांडतो, कारण गन घ्यायची की नाही आणि घ्यायची तर केवढी, हे सगळे त्यावरच अवलंबून आहे. टॉर्क म्हणजे पिळाचा जोर. पान्याची लांबी आणि टोकावरचा भार यांचा तो गुणाकार. माझे वजन 62 किलो. गाडीसोबत मिळणारा पाना साधारण 25 सेंटीमीटर लांब असतो, आणि त्याच्या टोकावर मी उभा राहिलो तर नटावर सुमारे 150 न्यूटन मीटर जोर पडतो. याचा अर्थ 85 ला आवळलेला, गंज न चढलेला नट मी, किंवा पन्नास किलो वजनाची माझी सूनही, सहज सोडवू शकते. पण 200 च्या वर आवळलेला नट आम्हा दोघांच्याही आवाक्याबाहेर आहे. हाच पाना 60 सेंटीमीटर लांब असता तर माझ्या वजनाने साडेतीनशेच्या वर जोर पडला असता. टेम्पोवाल्याच्या पाइपाने नेमके हेच केले. म्हणून गनच्या शोधात असलेल्या वाचकाने आधी पुस्तिकेत आपल्या गाडीचा आकडा पाहावा (लहान आणि मध्यम गाड्यांना तो बहुधा 85 ते 130 च्या दरम्यान असतो) आणि नट तेवढ्यावर आवळून घ्यावेत. त्यानंतर कदाचित गनची गरजच उरणार नाही.

मी मात्र ही शिस्त पाळली नाही. घाटातला अपमान ताजा होता, म्हणून मोबाइलवर पाहून जी गन सर्वांत मोठे आकडे सांगत होती ती मागवली. खोक्यावर ‘88 व्होल्ट’, ‘15000 एमएएच’ (बॅटरीची साठवण) आणि ‘600 एनएम’ (न्यूटन मीटर) असे ठळक अक्षरांत होते. घाटात पाइपाने उघडलेले चाक मी पुन्हा घरी मुद्दाम 200 ला आवळले आणि गन लावली. वीस सेकंद तिने कानठळ्या बसवणारा आवाज केला, गरम झाली, पण नट तसाच. 150 ला आवळलेला नट तिने तीन-चार सेकंदांत काढला. म्हणजे यंत्र अगदीच टाकाऊ नव्हते, आकडे तेवढे टाकाऊ होते.

हे आकडे कसे तपासायचे, ते सांगण्यासारखे आहे. अशा यंत्रांत लिथियमचे लांबट गोल सेल असतात, एकेका सेलचा दाब 3.6 व्होल्ट, पूर्ण भरल्यावर 4.2. पाच सेल एकापाठोपाठ जोडले की 18 व्होल्ट होतात, आणि भरलेल्या अवस्थेत 21. म्हणून एका कंपनीचे ‘18 व्होल्ट’, दुसरीचे ‘20 व्होल्ट’ आणि तिसरीचे ‘21 व्होल्ट’ ही यंत्रे पुष्कळदा एकाच जातीची असतात. त्यात लबाडी फारशी नाही, मोजायची वेळ तेवढी वेगळी. परंतु खरोखर 88 व्होल्ट हवे असतील तर असे 24 सेल लागतील. नेहमीच्या 18650 मापाच्या एका सेलचे वजन 45 ते 50 ग्रॅम असते, तेव्हा नुसते सेलच एक किलोच्या वर जातील. मी बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. प्लॅस्टिकच्या कवचासह ती 370 ग्रॅम भरली. आत पाचच सेल असणार, हे सांगायला ती फोडण्याची गरज नव्हती. मोह झाला होता, पण लिथियमच्या बॅटरीत पेचकस घालणे हा शहाणपणा नव्हे. तीच गोष्ट 15000 ची. या मापाच्या एका सेलची क्षमता उत्तमात उत्तम म्हटले तरी 3500 एमएएचच्या आसपास संपते (नव्या, जाड 21700 सेलची 5000 पर्यंत जाते), आणि सेल एकापाठोपाठ जोडले की व्होल्ट वाढतात, एमएएच वाढत नाहीत. दुकानात गन हाती घेऊन पाहण्याची सोय असेल तर तिच्याआधी बॅटरी हातात तोलून पाहावी. दहा सेलांची बॅटरी पाच सेलांच्या बॅटरीपेक्षा लगेच जड लागते, आणि अडलेल्या नटावर जोर देण्याची तिची ताकदही जास्त असते, कारण दोन-दोन सेल मिळून विजेचा भार उचलतात.

आता टॉर्कच्या आकड्याविषयी. गनच्या आतली मोटर नट थेट पिळत नाही. ती एक जड हातोडा फिरवते आणि स्प्रिंगने दाबलेला हा हातोडा समोरच्या, नट फिरवणाऱ्या ऐरणीला अडकून फिरत असतो. नट हलका फिरतो तोवर दोघे एकत्र फिरतात; नट अडला की हातोडा मागे सरकतो, ऐरणीच्या कानावरून पुढे निसटतो, वेग घेतो आणि पुढच्या कानावर आदळतो. मिनिटाला असे दोन-तीन हजार ठोके पडतात. ठोका ऐरणीवर पडत असल्याने मनगटाला पीळ जाणवत नाही, आणि ज्येष्ठांना व नाजूक हातांना गन सोयीची वाटते ती यामुळेच. पण ठोक्यांचा जोर एकाच आकड्यात सांगता येत नाही. बोल्ट किती जाड, ठोके किती वेळ दिले, यावर तो बदलतो. चांगल्या कंपन्यांच्या पुस्तिकेत अमुक मापाच्या बोल्टवर अमुक सेकंदांत किती आवळ येतो, याचा आलेखच छापलेला असतो. शिवाय आवळण्याचा आकडा वेगळा आणि नट सोडवण्याचा वेगळा. उदाहरणार्थ, मकिटा कंपनीच्या डीटीडब्ल्यू 300 या यंत्राचा आवळण्याचा टॉर्क 330 आणि सोडवण्याचा 580 न्यूटन मीटर दिला आहे. हेच यंत्र घ्यावे असे मी म्हणत नाही. दोन आकडे वेगवेगळे छापणे कसे असते, ते दाखवण्यापुरते नाव घेतले. जाहिरातीत एकच मोठा आकडा असेल आणि तो कशाचा हे लिहिलेले नसेल, तर तो सोडवण्याचा आणि तोही फुगवलेला आहे असे धरून चालावे. माझ्या मते चारचाकीच्या मालकाला आवळण्याचा खरा टॉर्क 250 ते 350 न्यूटन मीटर असलेली, अर्धा इंची चौकोनी तोंडाची, बॅटरीसह दोन-सव्वादोन किलोच्या आसपासची गन पुरे होते. हजाराच्या आकड्याची जड गन ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांसाठी ठीक. ती एका हाताने धरून रस्त्याकडेला उकिडवे बसणे साठीनंतर जमत नाही. मोटर ब्रशलेस (आत घासणारे कार्बन ब्रश नसलेली) असावी, कारण ती कमी तापते आणि बॅटरी पुरवून वापरते. उलट फिरवताना नट सैल होताच आपोआप थांबण्याची सोय असेल तर आणखी बरे, नाहीतर नट सुटून गटारात जातो आणि मग त्या मापाचा नट शोधत दिवस जातो.

बॅटरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी ना जाहिरातीत असते ना लेखांत. सोलापूर किंवा नागपूरला मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचे तापमान 60 अंशांच्या पुढे जाते, आणि लिथियमच्या बॅटऱ्या अशा उष्णतेत ठेवू नयेत असे बहुतेक कंपन्या स्वतःच सांगतात. म्हणजे जी वस्तू डिकीत पडून राहावी म्हणून आपण घेतो, तीच डिकीत ठेवायची नाही. मी आता लांबच्या प्रवासाला निघताना बॅटरी घरातून उचलतो, एरवी ती कपाटात अर्धी भरलेली असते. ज्यांच्या हातून हे व्हायचे नाही, त्यांनी 12 व्होल्टच्या तारेच्या गनचा विचार करावा. ती लायटरच्या सॉकेटमध्ये लावतात. त्या सॉकेटचा फ्यूज 10 ते 15 अँपिअरचा असल्याने सलग ठोके मारण्याइतकी वीज तिथून मिळत नाही. म्हणून ही यंत्रे आतले वजन आधी वेगाने फिरवून घेतात आणि मग थांबून थांबून एकेक मोठा ठोका देतात. काम संथ चालते आणि आवाजाने माणूस दचकतो, पण उन्हात खराब होण्यासारखे त्यात फारसे काही नाही. मात्र तार मागच्या पलीकडच्या चाकापर्यंत पोचते का, हे घरासमोरच पाहून घ्यावे.

गोटीकडे, म्हणजे सॉकेटकडे, पैसे वाचवू नयेत. पेटीतली चकचकीत क्रोमची गोटी हाताच्या पान्यासाठी असते. गनच्या ठोक्यांनी ती तडकून तुकडा उडू शकतो. गनसाठीची गोटी काळी, क्रोम मोलिब्डेनमची, जाड भिंतीची आणि सहा कोपऱ्यांची असते. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना 19 ची लागते, ह्युंदाईला 21 ची, फोक्सवॅगनला 17 ची आणि तिथे नटाऐवजी बोल्ट. अलॉयची चाके असतील तर बारीक भिंतीची, बाहेरून प्लॅस्टिकचे आवरण असलेली गोटी घ्यावी, नाहीतर चाकाला ओरखडे पडतात. चोरीच्या भीतीने बसवलेल्या लॉक नटाच्या किल्लीवर गन कधीही चालवू नये. किल्ली मोडली की ते चाक काढण्यासाठी गाडी टोइंग करून न्यावी लागते. आणि गन व गोटी यांच्यामध्ये लांब दांडा लावला की ठोक्याचा जोर वाटेतच विरतो. माझ्या गनने 200 ला हात टेकले, त्यात मी लावलेल्या अशा दांड्याचाही थोडा दोष असावा.

आता मूळ मुद्दा. गन नट काढण्यासाठी आहे, शेवटचा आवळ देण्यासाठी नाही. 330 ची गन 85 चा आकडा डोळ्याची पापणी लवते न लवते तोच ओलांडते. मग स्टड (नट ज्यावर चढतो तो बोल्ट) ताणला जातो, आटे जातात, ब्रेकची डिस्क वाकडी बसून ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरते, आणि पुढच्या पंक्चरला घरातल्या कोणालाही तो नट सुटत नाही. टायरवाल्याने माझ्यावर आणलेली पाळी मग आपणच आपल्यावर आणतो. नट सुरुवातीला बोटांनीच तीन-चार आटे चढवावा म्हणजे आडवा आटा जात नाही. मग गन तिच्या सर्वांत मंद टप्प्यावर ठेवून नट चाकाला टेकेपर्यंतच फिरवावी, समोरासमोरच्या क्रमाने. गाडी जमिनीवर उतरवून टॉर्क रेंचने पुस्तिकेतला आकडा द्यावा आणि 50 ते 100 किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा तपासावा. आट्यांना ग्रीस लावण्याची सवय अनेकांना आहे, पण त्यामुळे तेवढ्याच टॉर्कला नट प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. काढताना नट पाव फेरा सैल करण्याचे काम जॅक लावण्यापूर्वी, चाक जमिनीवर असतानाच करावे, मग हातात गन असो वा पाना. कारखान्यात आमच्याकडे एका चाकाचे सगळे नट एकाच वेळी ठरलेल्या आकड्यापर्यंत आवळणारे यंत्र होते आणि त्यानंतरही काही गाड्या बाजूला काढून हाताने तपासल्या जात. तिथे जी गोष्ट यंत्रावरही पूर्ण सोडली जात नव्हती, ती रस्त्यावर मात्र कानाच्या अंदाजाने होते.

गन घेण्यापूर्वी डिकीतला गालिचा उचलून स्टेपनी आहे का, तेही पाहावे. ही सूचना विनोदाची नाही. टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर लहान प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची नाही, असा बदल केंद्र सरकारने 2020 मध्ये केला, आणि आता काही गाड्या तिच्याशिवायच येतात. ज्या स्टेपनी कंपनीवरून हा शब्द आला, ती 1904 च्या सुमारास वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर सुरू झाली होती. तिथले लोक हा शब्द विसरले, आपण जपला, आणि आता वस्तूच चालली आहे. तसेच समृद्धीसारख्या, ताशी 120 किलोमीटरची मर्यादा असलेल्या मार्गावर चाक बसले तर गन काढून रस्त्याकडेला बसू नये. सर्वांनी कठड्यापलीकडे जाऊन मदत बोलवावी. राष्ट्रीय महामार्गांसाठी 1033 हा क्रमांक आहे.

माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली विक्रेत्यांकडे. आवळण्याचा टॉर्क, सोडवण्याचा टॉर्क, तो कोणत्या मापाच्या बोल्टवर मोजला आणि बॅटरीत किती सेल आहेत, एवढे खोक्यावर आणि संकेतस्थळावर छापावे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि 1915 या क्रमांकावर ग्राहकाला तक्रार नोंदवता येते. पाच सेलांच्या बॅटरीवर 88 व्होल्ट छापणे ही दिशाभूल नसेल तर दुसरे काय आहे? आपल्या दैनिकानेही अशा यंत्रांच्या जाहिराती आणि सणासुदीच्या खरेदीविषयीचे लेख छापताना एवढी विचारणा करावी, अशी विनंती आहे. दुसरी मागणी टायरच्या दुकानांकडे आणि परिवहन विभागाकडे. समृद्धी मार्गाच्या प्रवेशद्वारांवर 2023 मध्ये टायर तपासण्याची मोहीम झाली, ती योग्यच होती. पण नट किती आवळले आहेत, हे कोणी विचारत नाही. प्रत्येक टायरच्या दुकानात टॉर्क रेंच असावा आणि बिलावर नटांचा आवळ आकड्यात लिहून द्यावा, एवढा नियम झाला तरी पुष्कळ फरक पडेल.

माझी गन विकलेली नाही, तिचे आकडे तेवढे मी काळ्या शाईने खोडले आहेत. डिकीत आता नट पिळायचा 60 सेंटीमीटरचा एक दांडा, 19 ची काळी गोटी, चाकाला लावायच्या दोन लाकडी पाचरी आणि गुडघ्याखाली घ्यायला पोत्याचा तुकडा असतो. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुनेने चिठ्ठी चिकटवली आहे: ‘गोटी 19, आवळ 85, आधी सैल, मग जॅक.’ मागच्या आठवड्यात सोसायटीच्या आवारात तिने दांड्याने चारही नट एकटीने काढून परत बसवले, आणि टॉर्क रेंच तेवढा माझ्याकडून मागून घेतला.

कळावे,
आपला नम्र,
वाहन उद्योगातील एक निवृत्त कर्मचारी,
चिंचवड, पुणे